चूलबंदचं बटण

ऑफिसातून एक तक्ता आला होता. तीनशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत एका पॅकेजचं नाव आणि पुढे दोन रकाने: 'कुणी आणलं' आणि 'का आणलं'. पहिला रकाना पुण्याहूनच भरून आला होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत बहुतेक माझंच नाव होतं. दुसरा मी भरायचा. मिरजगावच्या घरात, पत्र्याच्या खोलीत पंखा लावून मी महिनाभर तेच करत होते. रोज दहा ओळी, फार तर पंधरा. आणि जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर: 'आपोआप आलं.'

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम लिहिताना सगळं काही आपण लिहीत नाही. तारखा मोजणं, फोटो लहान करणं, आवाज वाजवणं हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. माझा प्रोग्रॅम त्याच्यावाचून चालत नाही, म्हणून ती त्याची डिपेंडन्सी. मी नोकरीला लागले तेव्हा यादीच्या फायलीत त्याचं नाव हाताने लिहावं लागायचं, कुठली आवृत्ती हवी तेही शोधून लिहावं लागायचं. त्यात दोन-चार मिनिटं जायची आणि तेवढ्यात माणूस विचार करायचा, की हे खरंच लागतंय का. आता आमच्या भाषेच्या अवजारात एक कमांड आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत 'अॅड' लिहायचं, पुढे नाव, एंटर. अवजार स्वतःच सगळ्यात नवी आवृत्ती शोधतं, यादीत स्वतःच ओळ लिहितं. मग त्या पॅकेजला ज्यांची गरज आहे त्यांना, आणि त्यांना ज्यांची गरज आहे त्यांनाही घेऊन येतं. विचार करायला जागाच ठेवलेली नाही.

मी बोलावलं एकाला, आले चाळीस. आणि आता इतक्या वर्षांनी विचारतात, हे का आणलं. मला काय ठाऊक! मी त्यांची तोंडंसुद्धा पाहिलेली नाहीत.

अण्णा असते तर त्यांनी हे सगळं एका शब्दात सांगितलं असतं. म्हणजे अण्णा आहेत, पलीकडच्या खोलीत खाटेवर बसलेले आहेत. शब्द गेलेत.

माझे वडील गावाची आवतनं द्यायचे. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. लग्न असो, बारसं असो, कुणाचं दहावं असो, घरमालक सांगेल ते घरोघर जाऊन सांगायचं. शेती आमची होतीच, हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं; आवाज खणखणीत आणि डोक्यात सगळं गाव, म्हणून ते त्यांच्याकडे आलं आणि राहिलं. पत्रिका छापली तरी आवतन तोंडीच लागायचं. पत्रिका देवापुढे ठेवायला, आवतन जेवायला यायला.

आवतन दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एकाच माणसाने यायचं. 'चूलबंद' म्हणजे सगळ्यांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरापर्यंत, दाराशी आलेला पाहुणा असेल तर त्यानेही. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. कुणाला कुठलं द्यायचं हे ठरवताना घराघरांत रात्रंदिवस चर्चा व्हायच्या, कारण चूलबंद असलेल्या घराला एकदा घरटी एक गेलं, की ते पुढे पंधरा वर्षं लक्षात राहायचं. अण्णांना कुठले भाऊ वेगळे निघाले, कुठल्या दारामागे एकीच्या दोन चुली झाल्या, सगळं पाठ असायचं. एका दारात दोन चुली असतील तर ते एकाच ओसरीवर उभे राहून दोनदा सांगायचे, एकदा उजवीकडे तोंड करून आणि एकदा डावीकडे.

त्यांचा एक नियम होता. आवतन एकदाच सांगायचं. पहिल्यांदा जे तोंडातून गेलं ते पक्कं. मागून बदललं, वाढवलं, तर ते आवतन राहत नाही, ती मनधरणी होते, असं म्हणायचे. आणि सांगून झालं की शेवटी दोन शब्द ठरलेले: "बरं का."

दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. नगरच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. आता पाटीवर अहिल्यानगर आहे, पण एस.टी.च्या कंडक्टरकडे तिकीट अजून नगरचंच मागितलं जातं. उजवा हात आणि उजवा पाय अधू झाला आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं सगळं. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात शाबूत आहेत, बाहेर पडायची वाट बुजली आहे. एवढी एक वाट उघडी राहिली: 'बरं का.' भूक लागली, बरं का. लाईट गेली, बरं का. माझा राग आला की तेच, जरा जोरात.

मी पुण्याची खोली सोडून घरी आले. ऑफिसच्या विम्याच्या फॉर्मवर डिपेंडंट असा रकाना असतो, त्यात अण्णांचं नाव घातलं. लग्न मी केलं नाही, तेव्हा माझं नाव कुणाच्याच फॉर्मवर नाही, आणि गावानेही आता तो विषय सोडून दिलाय. सकाळी अण्णांचे दात, अंघोळ, गोळ्या, हाताचा व्यायाम. साडेनवाला मीटिंग. दुपारी तक्ता. मधेच "बरं का". मी दमले होते, आणि ती झोपेने जाणारी दमणूक नव्हती. कुणी काही विचारलं की आधी 'नाही' म्हणावंसं वाटायचं, मग कळायचं की त्याने फक्त चहा घेणार का एवढंच विचारलं होतं.

अशात दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. दादा माझा मोठा भाऊ, लिंबाची बाग सांभाळतो आणि घरही. पत्रिकेचा फोटो त्याने मोबाईलवरून सगळ्यांना पाठवून दिला आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धुतलेलं धोतर, टोपी, डाव्या हातात काठी अशा थाटात उंबऱ्यात उभे. धोतर कुणी नेसवलं ते अजून कळलेलं नाही. बहुधा वहिनीने.

दादा म्हणाला, "अण्णा, बसा तुमी. समद्यांस्नी गेलीया पत्रिका मोबाईलवर."

"बरं का," अण्णा म्हणाले. ते इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

गावाची चाळीस वर्षं आवतनं दिली आणि घरातल्या पहिल्या नातीचं मात्र मोबाईलवर. मला ते त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. ते तासभर उंबऱ्यात उभे होते. पाय थरथरायला लागला तेव्हा मी आणि वहिनीने धरून खाटेवर आणलं. मी म्हणाले, "अण्णा, आवतन तुमीच द्यायचं. म्या करते कायतरी." थकलेलं माणूस असं काहीतरी बोलून बसतं आणि मग ते करावं लागतं.

रविवारी दुपारी बसले. माझ्याकडे पत्त्यांच्या जोडाएवढा एक जुना बोर्ड, म्हणजे उघडा बारका संगणकच, पडून होता. महामार्गावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन बटणं आणली, एक हिरवं, एक लाल. दुकानदार म्हणाला, "डोअरबेल का?" म्हटलं, व्हय. पुतणीचा शाळेतला प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, एक बारका स्पीकर आणि मोबाईलची बॅटरी आत बसवली. हिरवं दाबलं की घरटी एक, लाल दाबलं की चूलबंद. एवढंच करायचं होतं. पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम.

आवाज वाजवायला एक पॅकेज लागणार होतं. अण्णा शेजारी खुर्चीत बसून बघत होते. मी लिहिलं: अॅड, नाव, एंटर. अवजाराने मुकाट्याने यादीत ओळ घातली आणि खाली त्या पॅकेजच्या सोयी छापल्या, प्रत्येकीपुढे अधिकचं चिन्ह. म्हणजे या सगळ्या न मागता चालू. जगात गाणं साठवायचे जेवढे प्रकार आहेत तेवढे सगळे वाजवायची तयारी. मला एकच साधा प्रकार हवा होता, पण अधिकची चिन्हं मी वाचली नाहीत. वर्षानुवर्षं वाचलेली नाहीत. मग एकामागून एक नावं पडद्यावरून सरकायला लागली. दहा, वीस, पन्नास. बिचारा बोर्ड तापला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, आणि तो मधेच गप्प झाला.

मी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बगा अण्णा. म्या एकाला बोलावलं हुतं. आन् ह्यानं चूलबंद आवतन देऊन टाकलं."

अण्णा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच पोट हलवून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही हसू फुटलं. तीनशे बारा ओळींचा माझा तक्ता, त्याचं कारण हेच तर होतं, आणि ते माझ्या घरात लहानपणापासून बोललं जात होतं.

त्याच कमांडमध्ये 'न सांगता कुणी यायचं नाही' असं सांगायचीही सोय असते. मी आधीचं पॅकेज काढलं, पुन्हा अॅड लिहिलं, पुढे ती सोय लिहिली आणि मला हवा तो एकच प्रकार नावाने मागितला. या वेळी बहुतेक ठिकाणी वजाची चिन्हं आली. "घरटी एक," मी म्हणाले. अण्णांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. मग तळहात पालथा करून विस्तवावर काही झाकावं तसा हवेत दाबला. चूलबंदची त्यांची ती खूण होती. ओढ्यापलीकडच्या माणसाला ओरडण्यापेक्षा ते असं दाखवायचे. बोर्ड पाच मिनिटांत चालू झाला.

आवाजाचा प्रश्न राहिला. अण्णांचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. घरातल्या मोबाईलांमध्ये वाढदिवसांचे, ट्रॅक्टरच्या पूजेचे ढीगभर व्हिडिओ, आणि अण्णा कडेला गप्प उभे. घरात ते कमीच बोलायचे, आवाज गावासाठी राखलेला. संगणकाचा मराठी आवाज लावून बघितला. तो म्हणाला, "आपणांस सहकुटुंब निमंत्रित करण्यात येत आहे." अण्णांनी डबा माझ्याकडे सरकवला. शेवटी दोन्ही आवतनं मीच बोलले. हिरव्याचं असं: "नातीच्या लग्नाचं आवतन हाय. घरटी एक, बरं का."

अण्णांनी मान हलवली. नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी नेमकं 'बरं का'च्या आधी माझं मनगट धरलं. मग कळलं. मी दोन्हींतून तेवढे दोन शब्द कापून टाकले. डबा म्हणाला, "घरटी एक," आणि अण्णा म्हणाले, "बरं का." जागच्या जागी बसलं. दीड वर्षात पहिल्यांदा ते दोन शब्द त्यांच्या हक्काच्या जागेवर आले होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आवरत उभी राहिले.

शुक्रवारी सकाळी दादाने डबा बघितला. हिरवं दाबलं, हसला. लाल दाबलं, हसू गेलं.

"हे लाल काढ," तो म्हणाला. "कार्यालयात मावनार हायेत का माणसं? आपलं समद्यांस्नी घरटी एक ठरलंय. अण्णा काय, दाबत सुटतील चूलबंद."

"आन् आबांचं?" मी विचारलं. आबा अण्णांचे जोडीदार, कडा गावाला जाणाऱ्या रस्त्याला वस्तीवर राहतात. दोघांनी जन्मभर सावडीने शेती केली; यांचे बैल त्यांच्या रानात, त्यांची माणसं आमच्या रानात. त्या घराचं आणि आमचं एकमेकांना कायम चूलबंद. त्यांच्या एका दारामागे अजून एकच चूल आहे, अकरा माणसांची.

"एका घराला दिलं की धा जन इचारत्यात. आबांचं मागनं बगू," दादा म्हणाला आणि बागेत गेला.

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कार्यालय खरंच लहान होतं. मी भांडायला हवं होतं, किंवा निदान अण्णांना खरं सांगायला हवं होतं, की घरच्यांनी असं ठरवलंय. अण्णांनी ते ऐकलं असतं. घरमालक सांगेल ते न्यायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण सांगायचं म्हणजे त्यांचा चेहरा बघायचा, त्यांचं 'बरं का' झेलायचं, पुन्हा दादाकडे जायचं. साडेनवाची मीटिंग पाच मिनिटांवर आली होती. मी कोडमधल्या एका ओळीपुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. त्या मारल्या की ओळ जागेवर राहते, पण चालत नाही.

"अण्णा, लाल बटन चालंना," मी म्हणाले. "पॅकेजचा घोळ झालाय. बगू मागनं."

ऑफिसात हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलं होतं की ते सहज तोंडातून निघालं. दोष पॅकेजवर ढकलला की पुढे कुणी विचारत नाही. अण्णांनीही विचारलं नाही. विचारणार कसे.

शनिवारी सकाळी गावातली रिक्षा सांगितली आणि आम्ही निघालो. मला वाटलं होतं लोक कीव करतील. उलट झालं. रिक्षा थांबली की माणसं ओसरीवर यायची, आत बायकांना हाका जायच्या, "आन्ना आलं आवतन घिऊन!" अण्णा काठी टेकवून उभे राहायचे, डबा मी धरायचे, ते काठी धरलेल्या डाव्या हाताच्याच अंगठ्याने हिरवं दाबायचे. "नातीच्या लग्नाचं आवतन हाय. घरटी एक," असं डब्यातून माझा आवाज, आणि लगेच त्यांचा: "बरं का."

"आन्ना, आवाज लई बारीक झाला की वं तुमचा," एक म्हातारी म्हणाली.

सगळे हसले. अण्णा सगळ्यात जास्त. एका दारामागे दोन चुली होत्या, तिथे त्यांनी मला डब्यासकट आधी उजवीकडे वळवलं आणि मग डावीकडे. दोनदा दाबलं. मला वाटतं, ती सकाळ आम्हा दोघांना बऱ्याच दिवसांनी मिळालेली सुखाची सकाळ होती. पस्तीस-चाळीस दारं झाली. ऊन चढलं, माझा हात भरून आला, अण्णांचा पाय ओढायला लागला. मी म्हणाले, आता घरी. त्यांनी काठी कड्याच्या रस्त्याकडे केली.

वस्तीवर आबा लिंबाच्या झाडाखाली बसलेले होते. उठून आले, अण्णांचा अधू हात दोन्ही हातांत घेतला. सुना बाहेर आल्या, पोरं आली. पाणी आलं. अण्णा ताठ उभे राहिले आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. मग अंगठा तसाच दाबून धरला, पांढरा पडेपर्यंत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसती विनंती होती, की तू यातली जाणकार, कर काहीतरी. सगळं घर उभं राहून डब्याकडे बघत होतं. उन्हाने माझं डोकं भणभणत होतं. हे संपवावं, घरी जावं, एवढंच मनात होतं. आणि मी माझ्या हाताने हिरवं दाबलं.

"नातीच्या लग्नाचं आवतन हाय. घरटी एक."

अण्णांनी 'बरं का' म्हटलं नाही.

थोरल्या सुनेने पदर सारखा केला आणि ती आत गेली. मग धाकटी गेली. अण्णांनी काठी सोडली. ती खाली पडली. डावा तळहात पालथा करून त्यांनी हवेत दाबला, एकदा, दोनदा, तीनदा, तोल जाईपर्यंत. मी त्यांना सावरलं आणि मोठ्याने म्हणाले, "आबा, चूलबंद हाय. चूलबंद आवतन. डबा बिघडलाय." तोच माझा आवाज, जो आत्ताच डब्यातून वेगळं बोलला होता.

"ऐकलं पोरी," आबा म्हणाले. त्यांनी वाकून काठी उचलली, अण्णांच्या हातात दिली. "च्या घिऊन जावा." चहा झाला. पावसापाण्याचं, बागेचं बोलणं झालं. सगळं नेहमीसारखं होतं आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं.

रिक्षात मी अण्णांना खरं सांगितलं. लाल बटण बिघडलेलं नव्हतं, मी बंद केलं होतं. दादाचं नाव घेतलं नाही; घेण्यात अर्थ नव्हता. अण्णा रस्त्याकडे बघत होते. मी म्हणाले, "परत जाऊया का? आत्ता घरी जाऊन चालू करते, आन् परत जाऊ." त्यांनी मान हलवली. आवतन एकदाच.

घरी येऊन मी त्या दोन तिरप्या रेघा पुसल्या. दोन सेकंदांचं काम. लाल दाबलं, डबा म्हणाला, चूलबंद. अण्णांच्या खाटेवर नेऊन ठेवला. त्यांनी तो उशाशी सरकवला, पण दाबून बघितला नाही. संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आबांचं घर मावलं आसतं." मला तेव्हा ते ऐकवेना.

सोमवारी तक्ता उघडला. 'आपोआप आलं' लिहिलेल्या दोनेकशे ओळी समोर होत्या. आपोआप काही येत नाही. कमांड मी दिली होती, अधिकची चिन्हं माझ्या डोळ्यांसमोर छापली होती, मी वाचली नव्हती. पहिल्या ओळीतलं उत्तर खोडून मी लिहिलं, 'न बघता आणलं.' साहेबांचा लगेच निरोप आला, की असं लिहून चालणार नाही, काहीतरी तांत्रिक कारण द्या. मी ते तसंच ठेवलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

लग्नाच्या दिवशी अण्णांना कार्यालयाच्या दाराजवळ खुर्ची दिली होती. नवं धोतर, कोरी टोपी, मांडीवर डबा. मी आणला नव्हता, त्यांनीच आणवून घेतला होता. येणारा-जाणारा पाया पडत होता आणि ते फाटकाकडे बघत होते. दादाने गुपचूप आतल्या हॉलमध्ये एका रांगेत अकरा खुर्च्या धरून ठेवल्या होत्या, शेल्यांची टोकं बांधून. मला ते सांगून तो निघून गेला.

अक्षता पडायच्या जरा आधी आबा आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. एकटेच.

"आबा, बाकीची कुठायत?" मी विचारलं.

"घरी हायेत की."

"म्या चूलबंद सांगितलं हुतं, आबा."

"सांगितलंस की. पर पयलं घरटी एक सांगितलं हुतंस," आबा म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. हिशेब चुकलेल्या पोराला मास्तर सांगतात तसं समजावून सांगितलं. "तुजा बा काय म्हनायचा? आवतन येकदाच. त्येच्या दारात त्येचाच नेम मोडू व्हय म्या?"

अण्णा त्यांच्या खांद्यावरून अजून फाटकाकडे बघत होते. एक जीप थांबली, त्यातून दुसरीच माणसं उतरली. मग एक टेम्पो आला, तो मांडववाल्याचा निघाला. आबांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि आत नेलं.

पंगत बसली तेव्हा दोघे शेजारी बसले. उरलेल्या खुर्च्यांवरचे शेले दादाने सोडले आणि तिथे दुसरी माणसं बसली. मी अण्णांना भरवायला म्हणून मागे उभी होते. वाढपी वाढून पुढे गेला. अण्णांनी ताटाला हात लावला नाही. त्यांनी डबा मांडीवरून उचलला, ताटाशेजारी ठेवला आणि अंगठ्याने लाल बटण दाबलं.

"नातीच्या लग्नाचं आवतन हाय. चूलबंद."

"बरं का," अण्णा म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ताट जवळ ओढलं, भाताला बोटं लावली आणि खाली मान घालून हळूच म्हणाले, "घरी चूल पेटलीया रं आज."